एका सेकंदापुरतं ओळखपत्र

अमेरिकी टीव्हीवरचा लेफ्टनंट कोलंबो चुरगळलेल्या रेनकोटच्या खिशातून ओळखपत्र काढायचा, ते कोणी वाचावं म्हणून नव्हे. ‘मी पोलीस आहे’ एवढं कळलं की काम झालं. पण १९७१ मधल्या ‘डेड वेट’ या भागात ते कार्ड जवळून दिसलं आणि त्यावर सही होती, फ्रँक कोलंबो. गंमत म्हणजे निर्मात्यांनी या अधिकाऱ्याला पहिलं नाव कधी दिलंच नव्हतं. सामान बनवणाऱ्या विभागातल्या कोणीतरी रिकामी जागा भरली असणार. पुढे व्हिडिओ कॅसेट आणि डीव्हीडी आल्या, चाहत्यांनी दृश्य थांबवून पाहिलं आणि ‘फ्रँक’ सापडला.

या नावावरून कोर्टकचेरीही झाली. फ्रेड वर्थ या लेखकाने १९७४ साली सामान्यज्ञानाचा कोश काढला. मजकूर चोरणारा सापडावा म्हणून त्यात त्याने कोलंबोचं नाव मुद्दाम ‘फिलिप’ असं खोटंच घातलं. ‘ट्रिव्हियल पर्सूट’ या खेळात नेमकं तेच उत्तर आलं, तेव्हा वर्थने १९८४ मध्ये तीस कोटी डॉलरचा दावा ठोकला. तो हरला, कारण माहितीच्या तुकड्यांवर कोणाला मालकी सांगता येत नाही. फिलिप नव्हे, हे सांगणारं कार्ड मात्र तेरा वर्षांपूर्वीच पडद्यावर येऊन गेलं होतं.

पोलिसी मालिकांच्या चाहत्यांसाठी अशा ओळखपत्रांच्या नकला विकल्या जातात, त्यामागचं आकर्षण हेच आहे. मालिकेत नट पाकीट झटक्यात उघडतो आणि झटक्यात मिटतो. चाहत्याला ते हातात धरून, उलटसुलट करून, सावकाश वाचायचं असतं. सही कशी आहे, क्रमांक काय, खात्याची मोहोर कुठे बसवली आहे. साधी नक्कल आपल्या एटीएम कार्डाएवढी, म्हणजे ८५.६ बाय ५४ मिलिमीटरची प्लॅस्टिकची असते. हौशी संग्राहकाला मात्र घडीचं चामडी पाकीट, आत लॅमिनेट केलेला कागद आणि वर धातूचा बिल्ला असा सगळा सरंजाम लागतो.

हा छंद टीव्हीहून जुना आहे. जॉन डिलिंजर या बँका लुटणाऱ्या गुंडाचा १९३४ मध्ये माग काढणारा एफबीआयचा अधिकारी मेल्विन पर्व्हिस दुसऱ्या वर्षी नोकरी सोडून बाहेर पडला आणि नाश्त्याच्या ‘पोस्ट टोस्टीज’ची जाहिरात करू लागला. १९३६ च्या सुमारास अमेरिकेतली मुलं खोक्यांची झाकणं कापून कंपनीला पाठवत आणि बदल्यात ‘ज्युनियर जी-मॅन’चा, म्हणजे छोट्या एफबीआयवाल्याचा, बिल्ला मिळवत. न खपणाऱ्या मक्याच्या पोह्यांची आयांना काळजी उरली नसावी.

नंतर ‘ड्रॅगनेट’ ही पोलिसी मालिका आली. आधी रेडिओवर, मग १९५१ पासून टीव्हीवर. जॅक वेबने रंगवलेल्या सार्जंट जो फ्रायडेचा बिल्ला क्रमांक ७१४ अमेरिकेत घरोघरी ठाऊक झाला. डिसेंबर १९८२ मध्ये वेब गेला, तेव्हा लॉस एंजेलिस पोलिसांनी तो क्रमांक कायमचा निवृत्त केला. वेब प्रत्यक्षात कधी पोलीस नव्हता!

खात्याचं इतकं प्रेम सगळ्यांच्या वाट्याला येत नाही. अमेरिकी केंद्रीय कायद्याच्या १८ व्या खंडातलं कलम ७०१ सांगतं की सरकारी खात्याचं ओळखपत्र किंवा बिल्ला, अथवा त्याची फसवी नक्कल, परवानगीशिवाय बनवणं, विकणं, जवळ बाळगणं हा गुन्हा आहे. शिक्षा सहा महिन्यांपर्यंत कैद. म्हणून १९९३ साली सुरू झालेल्या ‘द एक्स-फाइल्स’ मालिकेतल्या मल्डर या एफबीआय अधिकाऱ्याचं कार्ड नीट वाचलं तर हसू येतं. त्यावर ‘फेडरल ब्युरो ऑफ जस्टिस’ आणि खाली ‘डिपार्टमेंट ऑफ इन्व्हेस्टिगेशन’ असं छापलं आहे. खऱ्या नावातले शब्दच अदलाबदल केलेले! ही अदलाबदल पक्के चाहते जिवापाड जपतात. मल्डरचा क्रमांक जेटीटी०४७१०११११ त्यांना पाठ असतो, आणि विकत घेतलेल्या नकलेत शब्द ‘बरोबर’ छापलेले निघाले तर ती त्यांच्या लेखी कमअस्सल.

नटाचा फोटो असलेलं कार्ड हे उघडच खेळणं. स्वतःचा फोटो लावून घेतला की मामला बदलतो.

तो किती बदलतो, हे २००० साली अमेरिकी संसदेच्या लेखापरीक्षण कार्यालयाने दाखवून दिलं. त्याच्या माणसांनी बाजारात सहज मिळणाऱ्या सॉफ्टवेअरवर बनावट ओळखपत्रं तयार केली, बनावट बिल्ले मिळवले आणि १९ सरकारी ठिकाणी व दोन विमानतळांवर प्रवेश करून पाहिला. पेंटॅगॉन आणि सीआयए त्यांत होतं. सगळीकडे त्यांना आत सोडलं गेलं. टीव्हीवर जे दिसतं तेच तिथेही घडलं असणार: पाकीट उघडलं, मिटलं, पुढे चला. त्याच वर्षी पोलिसांच्या बिल्ल्यांविषयी वेगळा कायदा आला. स्मरणवस्तू, संग्रह किंवा नाटक-सिनेमापुरती वापरलेली वस्तू असेल तर बचावाची वाट त्यात ठेवली आहे. ब्रिटन जास्त कडक. तिथल्या १९९६ च्या पोलीस कायद्यात पोलिसांच्या ओळखपत्रासारखं दिसणारं काहीही ‘गणवेशाचा भाग’ धरलं जातं, आणि ते रीतसर मिळवलं व योग्य कारणासाठी ठेवलं, हे बाळगणाऱ्यालाच सिद्ध करावं लागतं.

मुंबईला या विषयाचा धडा टीव्हीच्या कौतुकाआधीच मिळाला. मार्च १९८७ मध्ये एका माणसाने वर्तमानपत्रात गुप्तचर अधिकाऱ्यांच्या भरतीची जाहिरात दिली, पंचतारांकित हॉटेलात मुलाखती घेतल्या, २६ जण निवडले आणि त्यांच्या हाती ओळखपत्रं ठेवली. मग त्यांना बसमध्ये घालून ऑपेरा हाऊसच्या एका सराफी पेढीवर ‘छापा’ घातला. दागिने नमुने म्हणून सीलबंद झाले, साहेब ते घेऊन बाहेर पडले ते परत आलेच नाहीत. आपण सरकारी नोकरीत आहोत, असंच ती २६ मुलं समजत होती. यावरचा ‘स्पेशल २६’ हा चित्रपट २०१३ साली आला. त्यासाठी कलाविभागाला खोट्या अधिकाऱ्यांची खोटी कार्डं पुन्हा खोटीच बनवावी लागली असतील.

आपल्याकडे १९९८ मध्ये सुरू झालेल्या ‘सीआयडी’त शिवाजी साटमांचे एसीपी प्रद्युमन आणि त्यांची माणसं ‘हम सीआयडी से हैं’ म्हणाली की समोरचा गप्प बसे. कार्ड वाचायला मागणारा साक्षीदार विरळा. हल्ली ‘डिजिटल अरेस्ट’वाले भामटे व्हिडिओ कॉलवर गणवेश घालून बसतात, ओळखपत्र कॅमेऱ्यासमोर धरतात, ते याच सवयीच्या भरवशावर.

भारतीय न्याय संहितेच्या कलम २०५ मध्ये लोकसेवकाच्या पोशाखासारखा पोशाख किंवा निशाणी, लोकांचा तसा समज व्हावा या हेतूने, वापरणाऱ्याला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही आहे. मल्डरचं कार्ड घरातल्या काचेच्या कपाटात असेल तर कोणी विचारणार नाही. स्वतःच्या फोटोचं पोलिसी कार्ड टोलनाक्यावर खिडकीतून दाखवलं तर विचारतील. आणि त्या तोतया अधिकाराच्या जोरावर काही करायला गेलं, तर कलम २०४ आहे: किमान सहा महिने, कमाल तीन वर्षं, वर दंड.