शिकाऊ स्वाराचें घोडें

दिवाळी उलटल्यावर ज्यांच्या रानांत खतासाठीं धनगरांच्या मेंढ्या बसविल्या जातात, त्या शेतकरी बंधूंस वाड्याबरोबर येणारीं तट्टें नवीं नाहींत. पाठीवर बिऱ्हाड, मेंढ्या कोंडण्याचें जाळें, एखादें नुकतें जन्मलेलें कोकरूं, आणि या सर्वांवर बसलेलें तीन-चार वर्षांचें पोर, एवढा पसारा घेऊन तें जनावर मुकाट्यानें चालत असतें. त्या पोराला कोणीं बसावयास शिकविलेलें नसतें. तें ज्या बाजूस कलतें त्या बाजूस पाऊल टाकून तट्टू त्याचा तोल सांवरून घेतें, हें आम्हीं आमच्याच बांधावर उभें राहून पाहिलें आहे.

हीं भीमेच्या खोऱ्यांतील भीमथडी तट्टें. उंची सुमारें ५० इंच, पाय बारीक, पण खूर कठीण. अठराव्या शतकांत मराठ्यांच्या घोडदळानें ज्यांच्या पाठीवर दूरदूरचे मुलूख गांठले त्यांचाच हा वंश मानला जातो; आणि अलीकडे राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्यूरोनें त्याची स्वतंत्र जात म्हणून नोंदही केली आहे. त्यांच्या काटकपणाविषयीं पुष्कळांनीं लिहिलें आहे. आम्हांस येथें लिहावयाचें आहे तें नवशिक्या स्वारास सोसून घेण्याच्या त्यांच्या गुणाविषयीं.

आम्ही महसूल खात्यांत कारकुनी करून निवृत्त झालों. त्या नोकरींत घोड्याचा संबंध आला नाहीं. फिरती असे ती फटफटीवर. आमचें घोड्यावरचें शिक्षण त्यापूर्वीं, १९७७ सालीं, वयाच्या दहाव्या वर्षीं आजोळीं झालें. घरांत एक कुमेत घोडी होती. वय झालेलें, पाठ किंचित् खोलगट. घरांतील सर्व मुलें तिजवरच शिकलेलीं, म्हणून तिला 'आजी' म्हणत. पहिल्या दिवशीं आम्हीं भीतीनें लगाम छातीशीं ओढून धरला आणि टांचा तिच्या पोटांत रुतविल्या. लगाम सांगे थांब, टांचा सांगत चल. अशा वेळीं तरणें घोडें गोंधळतें, मागच्या पायांवर उभें राहतें, किंवा उधळतें. आजीनें दोन्ही हुकूम बाजूस ठेवले व ती उभी राहिली. थोरल्या मामांनीं आमच्या हातांतून लगाम काढून घेतला. "तिच्या तोंडाला लोंबकळूं नकोस रे बाळ, आयाळ धर," एवढेंच ते म्हणाले. पुढील पंधरा दिवस आम्हांस लगाम मिळाला नाहीं.

मामांच्या म्हणण्यांतील मर्म आम्हांस फार उशिरां कळलें. घोड्याच्या पुढच्या दांतांच्या व दाढांच्या मध्यें जबड्यावर मोकळी जागा असते, तेथें लगामाचें लोखंड टेकतें. खालीं हाड, वर पातळ हिरडी. नवशिका स्वार तोल गेला कीं सगळें अंग त्या लगामावर टाकतो, म्हणजे त्या हिरडीवर. त्याची मांड पक्की नसते, म्हणून दुडक्या चालींत तो दर पावलास पाठीवर आपटतो. शिकविणारें घोडें हें सर्व रोज सोसतें. त्यास मंद किंवा मठ्ठ म्हणणारे पुष्कळ भेटतात. आम्हीही तसेंच समजत होतों, तोंपर्यंत एके सकाळीं मामांनीं आजीवर मांड टाकली. तिचे कान ताठ झाले, मान उंचावली, आणि ती अशा सुरेख रवाळ चालीनें निघाली कीं नदीच्या उताराकडे जाईपर्यंत आम्ही तोंड उघडें टाकून पाहत राहिलों. आमच्या खालीं हीच घोडी पाऊल मोजून टाकीत होती!

सारंगखेड्यास दत्तजयंतीच्या यात्रेंत तापीकांठीं जो घोडेबाजार भरतो तेथें आम्ही दोनदां गेलों. गर्दी असते ती उंच, नाचणाऱ्या घोड्यांभोंवतीं. शांत, पोक्त जनावर दाखवून 'यावर मुलें शिकलीं आहेत' असें सांगणारा विकणारा आम्हांस भेटला नाहीं. बागाईतदार मंडळी मुलाच्या हौसेखातर दोन-अडीच वर्षांचें शिंगरूं घेतात व म्हणतात, दोघे बरोबरच शिकतील. यासारखा वेडेपणा नाहीं. मुलासाठीं घोडें बारा ते अठरा वर्षांचें घ्यावें, आणि विकणाऱ्याच्या घरचें पोर त्यावर बसवून पाहिल्यावांचून पैसे मोजूं नयेत.

घेतल्यावर त्याची बूज राखावी. खोगीर व स्वार मिळून भार जनावराच्या वजनाच्या पंचमांशाहून अधिक नसावा. अडीचशें किलोंच्या तट्टावर पन्नास किलो पुष्कळ झाले. एका वेळीं एकच मूल. आठवड्यांतून एकदां तरी जाणत्या स्वारानें त्यावर बसावें, म्हणजे तोंड बोथट होत नाहीं. घोड्यास अगदीं मागचें दिसत नाहीं, म्हणून मुलानें खांद्याच्या बाजूनें, आवाज देत जवळ जावें. दाढा झिजून धारदार झाल्या कीं गाल कापले जातात. वर्षांतून एकदां पशुवैद्याकडून त्यांस कानस लावून घ्यावी. पुढें वैरण चावेनाशी झाली कीं कोंडा भिजवून द्यावा. खर्च होतो, नाहीं असें नाहीं; परंतु बैलजोडी थकली तरी दावणीला ठेवणारीं घरें आपल्याकडे आहेत, आणि ज्याच्या पाठीवर आपलीं मुलें धडधाकट वाढलीं त्याचा हिशेब मात्र पहिल्या टंचाईंत होतो.

आजीचाही झाला. आम्ही चौदा वर्षांचे असतां तिचे दांत गेले व ती चंदी टाकूं लागली. त्या साली कडबा महाग होता. आठवड्याच्या बाजारीं तिला एका वीटभट्टीवाल्यास विकलें. त्यास घोड्यावर बसण्याचा सराव नव्हता. त्यानें रिकिबींत पाय घातला, तोल गेला, आणि तो पलीकडे घसरूं लागला. आजीनें त्या बाजूस एक पाऊल टाकलें आणि तो नीट बसेपर्यंत ती चारी पाय रोवून उभी राहिली. आमचें गणित बरें म्हणून नोटा मोजण्याचें काम मामांनीं आम्हांकडे दिलें होतें. आम्हीं त्या दोन वेळां मोजल्या व बरोबर आहेत असें सांगितलें.