तळ्यातले मासे कोणी मारले?

एका उन्हाळी सकाळी तळ्याकाठी मोठे मासे मरून पडलेले दिसतात. त्याचे कारण शोधायचे आहे शाळकरी मुलांनी, तेही वर्गातल्या संगणकावर. अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठाच्या शिक्षणशास्त्र विद्याशाखेत ख्रिस डीड, टीना ग्रोट्झर आणि सहकाऱ्यांनी माध्यमिक शाळांसाठी तयार केलेल्या ‘इकोम्यूव्ह’ या खेळातील हे कोडे आहे.

चौघांचा एक गट असतो. कोणी पाण्याचे रसायनशास्त्र पाहतो, कोणी सूक्ष्मजीव, कोणी पशुपक्षी व झाडे, तर कोणी आसपासच्या माणसांकडे चौकशी करतो. प्रत्येकाच्या हाती सत्याचा एकच तुकडा असल्याने एकमेकांना विचारल्यावाचून गत्यंतर नसते. पाण्याचे तापमान, त्यात विरघळलेला प्राणवायू, फॉस्फेट, नायट्रेट यांची मोजमापे घेता येतात. मुख्य म्हणजे, दिनदर्शिकेवरील तारीख बदलून मागच्या दिवसांतही जाता येते.

ही सोय फार मोलाची आहे. मासे मेले म्हटले की कोणीतरी विष टाकले असणार, हा संशय मुलांनाच नव्हे, मोठ्यांनाही आधी येतो. येथे मात्र गुन्हेगार तळ्यात नसतोच. लगतच्या वसाहतीत हिरवळीसाठी घातलेले खत पावसाबरोबर वाहून आलेले असते. त्यातील फॉस्फेटमुळे शेवाळ माजते. ते मेल्यावर त्याचे विघटन करणारे जिवाणू वाढतात आणि पाण्यातील प्राणवायू संपवतात. त्यात वारा पडलेला आणि हवा उष्ण, म्हणजे पाण्यात नवा प्राणवायू मिसळणेही मंदावलेले. खत पडले त्या दिवशी काहीच घडत नाही. मासे मरतात ते कितीतरी दिवसांनी. कारण आणि परिणाम यांतले हे अंतर पाठ्यपुस्तकातील बाणांच्या आकृतीतून सहसा उमगत नाही.

आपल्याकडे सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्येच शालेय शिक्षणात पर्यावरण विषय अनिवार्य करण्याचा आदेश दिला. विषय आला, पण बहुतेक ठिकाणी तो ‘प्रदूषणाची कारणे लिहा’ या प्रश्नापुरता उरला. तेथे उत्तर आधीच ठरलेले असते, शोधायचे काहीच नसते.

अर्थात, पडद्यावरच्या पाण्याला वास नसतो. त्याच गटाने पुढे ‘इकोमोबाइल’ हा प्रकल्प हाती घेतला आणि विद्यार्थ्यांना स्मार्टफोन व मापनयंत्रे देऊन खऱ्याखुऱ्या तळ्यावर नेले.