कटकटणाऱ्या डिस्कच्या आत

हिमायतनगर म्हणजे जुना वाढोणा. मुदखेडहून भोकरमार्गे किनवटकडे जाणाऱ्या रेल्वेवरचा हा तालुक्याचा गाव. पैनगंगा ओलांडली की विदर्भ लागतो. अशा गावातल्या फोटो स्टुडिओची वर्षाची कमाई कपाटातल्या एक्स्टर्नल हार्ड डिस्कमध्ये असते: लग्नसराईतली शूटिंग, अल्बमला जायचे फोटो, आणि ज्यांचा दुसरा फोटोच कुठे नाही अशा माणसांचे चेहरे. वायरीत कुणाचा तरी पाय अडकतो, डिस्क खाली पडते आणि पुन्हा जोडली की आतून ‘कट कट’ असा आवाज येऊ लागतो. ‘डिस्क उडाली,’ म्हणतात. डेटा मात्र बहुतेक वेळा आतच असतो. तो हाती लागणार की नाही, हे पुढच्या तासाभरात आपण काय करतो यावर पुष्कळसे ठरते.

डिस्कच्या आत आरशासारख्या तबकड्या मिनिटाला 5400 किंवा 7200 फेरे घेत असतात. वाचणारे हेड तबकडीला टेकत नाही. अवघ्या काही नॅनोमीटरवर, हवेच्या पातळ थरावर ते तरंगते. धुळीचा कण या फटीच्या मानाने डोंगरच. पडल्यामुळे हेड वाकले की त्याला तबकडीवरच्या खुणा सापडत नाहीत. ते मागे जाते, पुन्हा शोधायला येते, पुन्हा मागे जाते. तोच हा आवाज. लावून पाहण्याच्या प्रत्येक प्रयत्नात तबकडीवरचा चुंबकीय थर खरवडला जाऊ शकतो, आणि तो थर म्हणजेच डेटा. म्हणून पहिला उपाय एकच: वायर काढा.

अशा डिस्कमधला डेटा काढणाऱ्या प्रयोगशाळा मोठ्या शहरांत आहेत. इथून डिस्क हैदराबादला नाही तर पुण्याला पाठवावी लागते. तिथे धूळरहित कक्षात ती उघडतात, त्याच मॉडेलच्या दुसऱ्या डिस्कचे हेड काढून हिच्यात बसवतात. त्या दुसऱ्या डिस्कला ‘डोनर’ म्हणतात. नुसते मॉडेल जुळून भागत नाही, तर हेडची रचना आणि पुष्कळदा कारखान्यातली तुकडीही जुळावी लागते. खर्च वाढतो तो इथे.

लाइटच्या चढउताराने जाणाऱ्या डिस्कची गोष्ट वेगळी असते. तिथे तबकड्या शाबूत असतात, जळते ते खालचे सर्किट बोर्ड. पुष्कळ बोर्डांवर एक छोटा डायोड असतो. जास्त व्होल्टेज आले की तो स्वतः शॉर्ट होऊन बाकीच्यांना वाचवतो. बाजारातून तसेच दुसरे बोर्ड आणून लावले तरी आजच्या डिस्क सहसा चालत नाहीत, कारण त्या एकाच डिस्कसाठी कारखान्यात जुळवलेली मापे बोर्डवरच्या एका चिपमध्ये असतात. ती चिप उतरवून नव्या बोर्डावर बसवावी लागते.

डिस्क कशीबशी चालू झाली तरी जाणकार माणूस लगेच फायली उघडत नाही. आधी दुसऱ्या डिस्कवर तिची पूर्ण प्रत घेतो: सहज वाचता येणारे भाग पहिल्यांदा, अडणारे भाग सोडून पुढे, आणि हट्टी सेक्टरकडे सगळ्यात शेवटी परत. ‘डीडीरेस्क्यू’ हे मोफत सॉफ्टवेअर याच क्रमाने चालते. या संयमात मला या कलेचा गाभा दिसतो.

चुकून फॉरमॅट झालेले मेमरी कार्ड त्या मानाने सोपे. सातबाऱ्यावरून नाव उडाले तरी शेत जागेवरच असते, तसे नोंद पुसली तरी फोटो बहुधा कार्डावर राहतात, त्यावर नवे शूटिंग होईपर्यंत. जेपेग फोटोची सुरुवात ठरावीक बाइटांनी होते. त्या खुणा हुडकून सॉफ्टवेअर फोटो वेगळे काढते. व्हिडिओचे दुखणे निराळे. एमपी4 फाइलची सूची बरेच कॅमेरे शेवटी लिहितात. वरातीच्या मध्येच बॅटरी संपली तर चित्रीकरण असते, सूची नसते. त्याच कॅमेऱ्यातली, त्याच सेटिंगची चांगली क्लिप नमुना म्हणून दिली तर हरवलेली सूची पुष्कळदा पुन्हा बांधता येते. म्हणून स्टुडिओवाल्याने कार्डासोबत अशी एक क्लिपही पाठवावी.

या विद्येची कमाल पाहायची तर कोलंबिया या अंतराळयानाची आठवण काढावी लागते. 1 फेब्रुवारी 2003 रोजी कल्पना चावला आणि सहा सहकारी त्याच्या अपघातात गेले. झेनॉन वायूवरच्या एका प्रयोगाची डिस्क नंतर आटलेल्या तळ्यात जळक्या अवस्थेत सापडली. क्रोल ऑनट्रॅक या कंपनीने तिच्यातला सुमारे 99 टक्के डेटा काढला आणि 2008 मध्ये त्या प्रयोगाचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. अपघाताच्या वेळी तबकड्या फिरत नव्हत्या, आणि धुळीने खराब झालेल्या भागात डेटा लिहिलेलाच नव्हता.

पुराच्या पाण्यात बुडालेली डिस्क उन्हात वाळवू नये, तांदळाच्या डब्यात तर मुळीच ठेवू नये. गाळ तबकडीवर सुकला की निघता निघत नाही. ओलसरच पिशवीत बंद करून पाठवणे बरे.

एसएसडी आणि मोबाइल आल्यापासून मात्र हात बांधले जात आहेत. एसएसडीवरची फाइल पुसली की ‘ट्रिम’ आदेशामुळे ती जागा आतल्या आत साफ होते. मग हुडकायला काही उरत नाही. फोनमधला साठा एन्क्रिप्टेड असतो, त्याची किल्ली त्याच्या प्रोसेसरशी बांधलेली असते. चिप काढून वाचली तरी हाती निरर्थक आकडे. त्यामुळे पाण्यात पडून बंद झालेल्या फोनच्या बोर्डवर कारागीर सूक्ष्मदर्शकाखाली एकेक जळका भाग बदलतो. तो फोन पुन्हा वापरायचा नसतोच. तो एकदा सुरू व्हावा, पिन स्वीकारावा आणि फोटो उतरेपर्यंत तग धरावा, एवढ्यासाठी हा सगळा खटाटोप.