विश्लेषण : समुद्राच्या भरवशावर उभारलेले कोट समुद्रच का गिळतोय?

ब्रिटन, आयर्लंड आणि फ्रान्सच्या अटलांटिक किनाऱ्यावर दोन-अडीच हजार वर्षांपूर्वीचे शेकडो मातीचे कोट आहेत. समुद्रात घुसलेल्या जमिनीच्या टोकावर, म्हणजे भूशिरावर, ते बांधले गेले. तीन बाजूंना कडा आणि लाटा असल्याने तट फक्त एकाच बाजूला घालावा लागे. आता तीच तीन बाजूंची धूप या कोटांच्या मुळावर आली आहे. वेल्समधील दिनास दिन्ले हे त्याचे ठळक उदाहरण.

भूशिरावरचे कोट म्हणजे नेमके काय?

विजयदुर्ग किंवा देवगड पाहिलेल्यांना यातली युक्ती नवी नाही. पाण्याकडच्या बाजू निसर्गाने सांभाळायच्या आणि जमिनीकडून येणारी वाट खंदक व तटाने अडवायची. मात्र कोकणातले हे किल्ले चिरेबंदी आणि तोफांच्या काळातले, तर अटलांटिक किनाऱ्यावरचे हे कोट प्रामुख्याने लोहयुगातले. ते बांधणाऱ्यांकडे लिपी नव्हती. भूशिराची मान जिथे अरुंद होते तिथे ते आडवा खंदक खणत आणि निघालेली माती आतल्या बाजूला रचून बांध घालत. खंदक तीन मीटर खोल आणि बांध तीन मीटर उंच असेल, तर खाली उभ्या राहिलेल्या माणसासमोर सहा मीटरांची चढण येते. काही ठिकाणी बांधाला दगडी दर्शनी भिंत असे, वर लाकडी कुंपणही असे. अनेक ठिकाणी एकामागे एक दोन-तीन रांगा आढळतात. कॉर्नवॉलमधील ‘द रम्प्स’ या जोड भूशिरावर अशा तीन रांगा आहेत. तिथे १९६३ ते १९६७ दरम्यान झालेल्या उत्खननात भूमध्य सागराकडून आलेल्या मद्यकुंभांचे तुकडे सापडले. म्हणजे हे कोट जगापासून तुटलेले नव्हते.

त्यांचा लेखी उल्लेख कुठे सापडतो?

ज्युलियस सीझरच्या लेखनात. इसवी सनपूर्व ५६ मध्ये तो आजच्या ब्रिटनी प्रांतातील व्हेनेटी या दर्यावर्दी जमातीशी लढत होता. तिची गावे भूशिरांच्या टोकावर होती. भरतीच्या वेळी तिथे पायी पोहोचता येत नसे आणि ओहोटीला रोमन गलबते रुतून बसत. रोमनांनी मोठे भराव घालून एखादे गाव जिंकत आणलेच, तर आतले लोक सामानासकट जहाजांत बसून पुढच्या भूशिरावर निघून जात. अखेर निकाल लागला तो समुद्रावरच्या लढाईत. रोमनांनी लांब काठ्यांना बांधलेल्या कोयत्यांनी व्हेनेटींच्या शिडांचे दोर कापले आणि ऐन वेळी वारा पडला.

मग हे कोट केवळ युद्धासाठीच होते का?

वाद आहे तो इथेच. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात उत्तर सरळ होकारार्थी होते. त्यामागचे वजनदार नाव मॉर्टिमर व्हीलर यांचे, म्हणजे १९४४ ते १९४८ या काळात भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचे महासंचालक असलेले तेच व्हीलर. त्यांनी १९३४ ते १९३७ दरम्यान इंग्लंडमधील मेडन कॅसल या अंतर्भागातील प्रचंड डोंगरी कोटाचे उत्खनन केले. तिथे वीस हजारांहून अधिक गोफणगुंड्यांचा साठा सापडला. एकाआड एक रांगा घालण्याची पद्धत गोफणीच्या माऱ्याला उत्तर म्हणून आली आणि ती सीझरपासून पळालेल्या व्हेनेटींनी आणली, असा तर्क त्यांनी मांडला. पुढे रेडिओकार्बन कालमापन आले. ब्रिटनमधल्या अनेक रांगा सीझरच्या आधीच्याच निघाल्या आणि पळून आलेल्यांची ही कथा मागे पडली. मेडन कॅसलच्या त्याच उत्खननात लंडनला शिकायला गेलेले हसमुख सांकळिया हा तरुणही होता. १९३९ मध्ये ते पुण्याच्या डेक्कन कॉलेजात आले आणि महाराष्ट्रातल्या शास्त्रशुद्ध उत्खननाची घडी त्यांनी बसवली.

आजचे अभ्यासक अधिक सावध आहेत. कित्येक भूशिरांवर पिण्याचे पाणी नाही. अंगावर येणारा वारा असा, की हिवाळ्यात तिथे वस्ती करणे कठीण. लांब वेढा तिथे सोसणे शक्य नव्हते. उलट तट जमिनीकडून पाहिला की तो गरजेपेक्षा भव्य वाटतो, जणू येणाऱ्याला दबकवण्यासाठीच बांधलेला. त्यामुळे व्यापाराचे नाके, गुरांचा सुरक्षित वाडा, कुळाच्या प्रतिष्ठेची खूण अशी वेगवेगळी उत्तरे पुढे आली. बॅरी कनलिफ यांनी तर जमीन आणि समुद्र यांच्या सीमेवरची पवित्र जागा ही शक्यताही मांडली. सगळ्या कोटांना एकच उत्तर लागू पडेल असे नाही. ते जागोजाग खणूनच ठरवावे लागेल, आणि खणायची जागाच कमी होते आहे.

दिनास दिन्लेची अवस्था काय आहे?

वायव्य वेल्समध्ये, कर्नार्वनच्या दक्षिणेला समुद्रकाठी एक एकाकी टेकडी आहे. हिमयुगातल्या हिमनद्यांनी ढकलून आणलेली वाळू, चिकणमाती आणि गोटे यांची ती बनली आहे. तिच्यावर दुहेरी तटाचा कोट आहे. वेल्सच्या मध्ययुगीन ‘मॅबिनोगी’ कथांतल्या लेउ या वीराशी ही जागा जोडली जाते. आज तटाच्या रांगा पश्चिमेला कड्यापाशी येऊन अचानक तुटतात, कारण पुढचा भाग समुद्रात गेला आहे. जुन्या नकाशांशी तुलना करता १९०० पासून कडा वीस ते चाळीस मीटर मागे सरकल्याचा अंदाज आहे.

यातून एक पेच निर्माण होतो. आज कड्यावर दिसणारा प्रत्येक कोट मुळात भूशिरावर होताच असे नाही. डॉर्सेटमधील फ्लॉवर्स बॅरोचा दक्षिणेकडचा भाग असाच कोसळला आहे. उरलेला कोट पाहून तो समुद्राच्या आधारानेच बांधला होता असे वाटेल, पण तसे गृहीत धरता येत नाही.

समुद्रभिंत बांधून तो वाचवता येणार नाही का?

पटकन सुचणारा उपाय हाच, पण तो इथे अपुरा पडतो. कडा फक्त खालून लाटांनी कोरला जात नाही. पावसाचे पाणी वरून सैल थरांत मुरते, ते जड होतात आणि घसरतात. पायथ्याशी दगड टाकले तरी वरची घसरण थांबत नाही. शिवाय एका जागी किनारा बांधून काढला, की शेजारच्या किनाऱ्याला मिळणारी वाळू घटते आणि धूप तिकडे सरकते. कोकणात धूपप्रतिबंधक बंधाऱ्यांच्या शेजारच्या गावांना हा अनुभव सांगावा लागणार नाही.

मग अभ्यासक काय करत आहेत?

मोजणी आणि नोंद. वेल्स व आयर्लंडमधील संस्थांनी २०१७ मध्ये ‘चेरिश’ हा संयुक्त प्रकल्प सुरू केला. ड्रोन आणि लेझर मोजणीने कड्याचे त्रिमितीय नकाशे पुन्हा पुन्हा घेऊन, दोन मोजण्यांच्या दरम्यान किती माती गेली हे काढले गेले. दिनास दिन्लेवर २०१९ पासून उत्खनन झाले. वाऱ्याने आणलेल्या वाळूखाली सुमारे १३ मीटर व्यासाचे गोल घर सापडले. त्याच्या दगडी भिंती दोन मीटरपेक्षा जाड आहेत. गवताखाली असे काही शिल्लक असेल याची वरून फारशी कल्पना येत नव्हती.

धुपीचा एक विचित्र फायदाही आहे. कोसळलेल्या कड्यात तटाचा आडवा छेद आपोआप उघडा पडतो. बांधाखाली गाडली गेलेली जुनी जमीन, तिच्यातला कोळसा आणि खंदकात साचलेले थर उघड्यावर दिसतात. मात्र पुढच्या वादळापर्यंतच.

अडचण फक्त समुद्राची आहे का?

नाही, पैसा आणि वेळ यांचीही आहे. ‘चेरिश’ला आयर्लंड आणि वेल्ससाठीच्या युरोपीय महासंघाच्या निधीचा आधार होता. प्रकल्प २०२३ मध्ये संपला आणि ब्रेक्झिटनंतर वेल्ससाठी तो मार्गही उरला नाही. खणलेले लिहून काढणे हे तर आणखी संथ काम. कॉर्नवॉलमधील ट्रेव्हेल्ग्यू हेड या भूशिरावर १९३९ च्या उन्हाळ्यात सी. के. क्रॉफ्ट अँड्र्यू यांनी मोठे उत्खनन केले. मोठे गोल घर आणि लोखंड गाळल्याच्या खुणा सापडल्या. सप्टेंबरात महायुद्ध सुरू झाले आणि काम थांबले. त्याचा संपूर्ण अहवाल प्रसिद्ध झाला २०११ मध्ये, म्हणजे ७२ वर्षांनी. ट्रेव्हेल्ग्यूचे टोक आज मुख्य जमिनीपासून तुटले आहे आणि तिथे पुलावरून जावे लागते.