नवं कार्ड घेण्याआधी हे चार आकडे बघा

मागच्या भागात आपण कॅबिनेटमधल्या पंख्यांबद्दल बोललो. आजचा विषय मेमरीचा. "दादा, गेम अडखळतो, कार्ड बदलू का?" हा प्रश्न मला सगळ्यात जास्त विचारला जातो. माझं उत्तर ठरलेलं आहे: खिशात हात घालण्याआधी टास्क मॅनेजरमधले चार आकडे बघा. दोष भलतीकडेच असेल, तर नव्या कार्डावरही गेम तसाच अडखळणार आणि पैसे गेलेले असणार.

ओटा, कोठी आणि वाण्याचं दुकान

स्वयंपाकघर डोळ्यांसमोर आणा. शेगडीशेजारचा ओटा म्हणजे कार्डावरची स्वतःची मेमरी, व्हीरॅम. आतली कोठीची खोली म्हणजे मदरबोर्डवरची रॅम. आणि वाण्याचं दुकान म्हणजे एसएसडी किंवा हार्ड डिस्क. ओट्यावरचं लगेच हाताला लागतं, कोठीतलं आणायला उठावं लागतं, आणि वाण्याकडे जायचं तर पायात चपला घालाव्या लागतात.

किती फरक पडतो? आरटीएक्स ३०६० हे १२ जीबीचं कार्ड घ्या. स्वतःच्या मेमरीशी ते सेकंदाला ३६० जीबी वेगाने बोलतं. रॅमकडे मात्र त्याला पीसीआय एक्सप्रेसच्या रस्त्याने जावं लागतं. चौथ्या पिढीचा १६ लेनचा रस्ता असला तरी एका दिशेने सेकंदाला साधारण ३२ जीबी, तिसऱ्या पिढीचा असेल तर १६. म्हणजे ओट्यावरून घेण्यापेक्षा दहा-वीस पट हळू. काही स्वस्त कार्डांत तर लेनच कमी असतात. २०२२ साली आलेलं आरएक्स ६५०० एक्सटी ४ जीबीचं आणि फक्त ४ लेनचं. तिसऱ्या पिढीच्या मदरबोर्डवर त्याचा रस्ता सेकंदाला ४ जीबीपर्यंत खाली येतो. अशा कार्डाचा ओटा भरला की पंगत खोळंबलीच म्हणून समजा.

पहिला आणि दुसरा आकडा: डेडिकेटेड आणि शेअर्ड

कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबा. टास्क मॅनेजर उघडेल. परफॉर्मन्समध्ये जाऊन जीपीयू निवडा. जीपीयू दिसतच नसेल, तर तुमचं विंडोज २०१७ च्या अपडेटच्या आधीचं आहे किंवा ड्रायव्हर जुना आहे.

तिथे 'डेडिकेटेड' म्हणजे कार्डावरची मेमरी. 'शेअर्ड' म्हणजे कार्डाने रॅममधून उसनी घेतलेली जागा. विंडोज ही मर्यादा साधारण रॅमच्या निम्मी ठेवतं. आता गंमत बघा. ४ जीबीचं कार्ड आणि ८ जीबी रॅम असेल, तर दोन्हींची बेरीज करून 'जीपीयू मेमरी' ८ जीबी दिसते. जुनं कार्ड विकत घेताना कुणी हा बेरजेचा आकडा दाखवत असेल, तर फसू नका. डेडिकेटेडचाच आकडा विचारा.

डेडिकेटेड मेमरी भरलेली दिसली म्हणून घाबरायचं कारण नाही. बरेच गेम जागा मोकळी दिसली की ती आधीच अडवून ठेवतात. शेअर्डमध्येही थोडंफार काही ना काही कायम असतं. बघायचं ते हे: डेडिकेटेड काठोकाठ भरलं, त्यानंतर शेअर्ड चढायला लागलं, आणि नेमका तेव्हाच गेम अडखळला का? तसं असेल तर ओटा कमी पडतोय.

त्यावरचा पहिला उपाय फुकट आहे: टेक्स्चर एक पायरी खाली आणा. ४०९६ बाय ४०९६ पिक्सेलचं एक टेक्स्चर दाबून साठवलं, तरी लहान प्रतींसकट साधारण २१ एमबी घेतं. त्याच्या निम्म्या लांबी-रुंदीचं टेक्स्चर चौथ्या हिश्शात बसतं. उलट १०८० पी ची एक अख्खी फ्रेम जेमतेम ८ एमबीची असते. म्हणून जागा हवी असेल तर रेझोल्यूशनला हात लावण्याआधी टेक्स्चर कमी करा. मागे उघडा राहिलेला ब्राउझर आणि हलता वॉलपेपरही व्हीरॅम खातात. तेही बंद करा.

एक जुनी गडबड इथेच सापडते. यादीत दोन जीपीयू दिसतात, गेम चालू असताना प्रोसेसरमधला जीपीयू राबतोय आणि कार्ड निवांत बसलंय. अशा वेळी मागे जाऊन मॉनिटरची केबल बघा. बहुतेकदा ती कार्डाऐवजी मदरबोर्डला लावलेली असते.

तिसरा आकडा: कमिटेड

आता मेमरीचं पान. 'इन यूज' सगळे बघतात, 'कमिटेड' कुणी बघत नाही. प्रोग्रॅमना देऊ केलेल्या जागेचा तो हिशेब असतो, आणि त्याची मर्यादा म्हणजे रॅम अधिक पेज फाइल. कुठे तरी वाचून पेज फाइल बंद केलीत, तर रॅम शिल्लक असतानाही 'मेमरी संपली' म्हणत गेम बंद पडू शकतो. पेज फाइल विंडोजच्या हवाली ठेवा. आणि 'कॅश्ड' मोठं दिसलं म्हणून रॅम साफ करणारी ॲप घेऊ नका. ती जागा मागितली की लगेच मोकळी होते. साफ करून उलट वाण्याकडची फेरी वाढते.

चौथा आकडा: स्लॉट आणि स्पीड

त्याच पानावर किती स्लॉट वापरात आहेत आणि रॅम किती वेगाने चालते, तेही लिहिलेलं असतं. डीडीआर४-३२०० ची एकच स्टिक सेकंदाला २५.६ जीबी देते, दोन जोडीने लावल्या तर ५१.२. आणि स्टिकवर ३२०० छापलेलं असलं तरी बायोसमध्ये एक्सएमपी चालू केल्याशिवाय ती बऱ्याचदा २४०० किंवा २६६६ वरच चालते.

आता हे चारही आकडे एका पीसीवर लावून बघू. मी राहतो ते तिरुक्करुगावूर कुंभकोणमपासून वीसेक किलोमीटरवर आहे. गर्भरक्षांबिकेच्या देवळासाठी लोक लांबून इथे येतात. बाकी चहूकडे भातशेती. कॉम्प्युटरचे सुटे भाग हवे असतील तर चेन्नईची रिची स्ट्रीट नाहीतर ऑनलाइन. चुकीची वस्तू आली की परत पाठवण्यात आठवडे जातात. इथल्या एका कॉलेजच्या मुलाला दुकानदाराने सांगितलं होतं की कार्ड गेलंय, नवं घ्या. कुरुवै भाताच्या पैशातून वडील ते घेऊन देणार होते.

आम्ही गेम लावला आणि आकडे बघितले. डेडिकेटेड ४ पैकी ३.९. शेअर्ड दीड जीबीच्या वर आणि चढतं. रॅम ८ पैकी ७.४. स्लॉट दोनपैकी एकच भरलेला, स्पीड २४००, स्टिकवर मात्र ३२००. म्हणजे ओटा भरला म्हणून सामान कोठीत गेलं, कोठीही भरली म्हणून वाण्याकडे. डिस्क शंभर टक्क्यांवर का होती, तेही इथेच कळलं. कार्ड धडधाकट होतं.

टेक्स्चर 'हाय'वरून 'मीडियम'वर आणलं, एक्सएमपी चालू केलं. अडखळणं बरंच कमी झालं, तेही एक रुपया न खर्चता. मग तशीच ८ जीबीची दुसरी स्टिक लावली आणि डिस्क शांत झाली. २०२५ च्या अखेरीपासून रॅमचे भाव चढलेत हे खरं, तरी एक स्टिक नव्या कार्डापुढे स्वस्तच पडली. तो गेम 'हाय'वर चालत नाही, पण नीट चालतो.

आकडे ठीक, तरी त्रास?

सुरुवातीला गेम छान चालतो आणि दहा-पंधरा मिनिटांनी फ्रेम उतरतात, तर तापमान बघा. आमच्याकडे मे महिन्यात हाच दोष जास्त. तासागणिक मेमरी वाढतच जाते आणि गेम पुन्हा सुरू केला की सुरळीत होतो, तर गळती गेममध्ये आहे, तुमच्या पीसीत नाही. आणि निळा पडदा कधीही, कुठेही येत असेल, तर एक्सएमपी बंद करून बघा, मग रात्रभर मेमटेस्ट८६ लावा. एक जरी चूक दाखवली तरी एकेक स्टिक वेगळी तपासा.

एवढं सगळं करूनही डेडिकेटेड भरतंच आहे आणि 'लो' टेक्स्चरवर तुमचं मन रमत नाही, तर नवं कार्ड जरूर घ्या. तेव्हा ते कशासाठी घेताय, हे तुम्हाला पक्कं माहीत असेल. पुढच्या भागात पॉवर सप्लाय. भेटू.