हिंदनगरचे कैदी आणि कोरियाचे राजकारण

बंगळूर शहराच्या उत्तरेस हेब्बाळचा तलाव आहे. तेथून शहराकडे येताना जयचामराजेंद्र नगर भागात भारतीय सेनेच्या पॅराशूट रेजिमेंटचे प्रशिक्षण केंद्र लागते. या रेजिमेंटची दुसरी बटालियन म्हणजे मूळची मराठा लाइट इन्फन्ट्रीची तिसरी पलटण. 1953 साली ही मराठा पलटण दूर कोरियात गेली होती. लढावयास नव्हे, तर परक्यांच्या युद्धातील कैद्यांवर पहारा करावयास. कोरियाचे आजचे राजकारण समजून घ्यावयाचे तर त्या पहाऱ्यापासून आरंभ करणे सोयीचे आहे.

27 जुलै 1953 रोजी पानमुनजोम येथे शस्त्रसंधी झाली. तिच्यावर संयुक्त राष्ट्रांचे सेनापती, उत्तर कोरिया आणि चिनी स्वयंसेवक यांच्या सह्या आहेत. दक्षिण कोरियाची नाही. संधीची बोलणी दीर्घकाळ अडून बसली होती ती मुख्यतः एका प्रश्नावर. जे कैदी मायदेशी परतावयास तयार नाहीत, त्यांचे काय करावयाचे? त्यासाठी पाच तटस्थ राष्ट्रांचा आयोग नेमला गेला. त्याचे अध्यक्ष जनरल थिमय्या, आणि कैद्यांच्या रखवालीस गेलेल्या सुमारे 6,000 भारतीय सैनिकांचे प्रमुख मेजर जनरल शंकरराव थोरात. थोरात हे कोल्हापूरकडील वडगावचे.

दक्षिण कोरियाचे अध्यक्ष सिंगमन ऱ्ही यांना मुळात शस्त्रसंधीच नको होती. 18 जून 1953 रोजी त्यांनी आपल्या पहाऱ्यातील सुमारे 27,000 कैदी परस्पर सोडून दिले. भारतीय सैनिकांचा पाय आपल्या भूमीस लागू देणार नाही, असाही त्यांचा हट्ट होता. म्हणून इंचॉन बंदरात आलेल्या आपल्या जवानांना अमेरिकन हेलिकॉप्टरांतून थेट सैन्यविरहित पट्ट्यात उतरवावे लागले. तेथील छावणीचे नाव हिंदनगर.

संयुक्त राष्ट्रांच्या बाजूने सुमारे 22,600 कैदी ताब्यात आले. त्यांत चिनी सुमारे 14,700, उरलेले कोरियन. दुसऱ्या बाजूचे होते अवघे 359. प्रत्येकास तंबूत बसवून त्याच्या देशाच्या प्रतिनिधीने परतण्याविषयी समजावयाचे आणि मग त्याने आपली इच्छा सांगावयाची, अशी योजना होती. कागदावर ती सरळ दिसते. प्रत्यक्षात कुंपणांच्या आत कैद्यांच्याच संघटना होत्या. परतू पाहणाऱ्यास त्या धाक घालीत आणि त्यात काहींचे जीवही गेले. एकदा कैद्यांनी एका भारतीय अधिकाऱ्यास आत धरून ठेवले, तेव्हा थोरात स्वतः आत गेले आणि बोलाचालीने त्यास सोडवून आणले. पुढे मात्र जमाव आवरण्यासाठी गोळीबारही करावा लागला. नव्वद दिवस संपले तरी समजावणी थोड्याच कैद्यांपर्यंत पोहोचली होती.

‘तू कोणत्या कोरियाचा?’ हा जो प्रश्न तंबूत विचारला जात होता, त्यास खरे उत्तर नव्हते. 1910 साली जपानने गिळंकृत केलेला हा देश 15 ऑगस्ट 1945 रोजी मोकळा झाला तो एकसंध म्हणून नव्हे. 38व्या अक्षांशाची रेषा अमेरिकन अधिकाऱ्यांनी घाईघाईने नकाशावर ओढली. कोरियन माणसास कोणी विचारले नाही. 1948 साली दोन सरकारे स्थापन झाली आणि दोघांनीही संपूर्ण देशावर हक्क सांगितला. अशा स्थितीत विरोधक हा नुसता विरोधक राहत नाही. तो पलीकडच्या सरकारचा हस्तक ठरतो. 1948च्याच डिसेंबरात दक्षिणेने केलेला राष्ट्रीय सुरक्षा कायदा या समजुतीवर उभा आहे आणि तो अजून रद्द झालेला नाही. उत्तरेस तर विरोधकच उरला नाही. किम इल-सुंग, त्यांचे पुत्र आणि आता नातू, असे एकाच घराण्याचे राज्य तेथे चालू आहे.

दक्षिणेत लोकांनी हे मुकाट्याने सोसले नाही. 1960च्या निवडणुकीतील लबाडीविरुद्ध विद्यार्थी रस्त्यावर उतरले आणि ऱ्ही यांना पदत्याग करावा लागला. मिळालेल्या मोकळिकीत चोई इन-हुन यांची ‘चौक’ ही कादंबरी प्रसिद्ध झाली. तिचा नायक असाच एक युद्धकैदी. दोन्ही कोरिया नाकारून तो ‘टागोर’ नावाच्या जहाजातून तटस्थ देशाकडे निघतो आणि वाटेत समुद्रात नाहीसा होतो. कल्पित कथा, पण दोन्ही बाजू नाकारणारे कैदी खरोखरच होते. 1954च्या आरंभी असे 88 जण आपल्या सैनिकांबरोबर भारतात आले.

मोकळीक फार काळ टिकली नाही. 16 मे 1961 रोजी पार्क चुंग-ही यांनी सत्ता बळकावली. कारखाने उभे राहिले, निर्यात वाढली, आणि 1972च्या राज्यघटनेने अध्यक्षपद जवळजवळ तहहयात झाले. 1979 साली त्यांच्याच गुप्तचर प्रमुखाने त्यांना गोळी घातली; पण सत्ता पुन्हा सेनानींकडेच गेली. मे 1980 मध्ये ग्वांगजू शहरात सैन्याने नागरिकांवर गोळ्या झाडल्या. त्या उठावामागे उत्तरेचा हात आहे, असे सांगितले गेले. किम दे-जुंग यांना त्याच प्रकरणी फाशीची शिक्षा झाली होती. तेच पुढे 1998 मध्ये अध्यक्ष झाले आणि 2000 साली प्याँगयांगला जाऊन उत्तरेच्या नेत्यास भेटले. 1987च्या जूनमधील प्रचंड निदर्शनांनी थेट निवडणूक आणि पाच वर्षांची एकच मुदत पदरात पाडली. त्या पहिल्याच निवडणुकीत विरोधकांतील दोन किम एकमेकांविरुद्ध उभे राहिले आणि जुन्या राजवटीचा सेनानी निवडून आला! आपल्याकडील वाचकांस यात नवल वाटू नये.

3 डिसेंबर 2024च्या रात्री अध्यक्ष युन सुक-योल यांनी लष्करी कायदा पुकारला तेव्हा त्यांच्या तोंडी तोच जुना शब्द होता, ‘राज्यविरोधी शक्ती’. या वेळी प्रतिनिधी कुंपणावरून उड्या टाकून सभागृहात पोहोचले. तीनशेपैकी 190 सदस्य हजर होते आणि त्या सर्वांनी हुकूम उठविण्याच्या बाजूने मत दिले. घटनेप्रमाणे असा ठराव अध्यक्षांवर बंधनकारक असतो. पहाटे हुकूम मागे घेतला गेला. 4 एप्रिल 2025 रोजी घटना न्यायालयाने युन यांना पदच्युत केले आणि जूनमध्ये ली जे-म्युंग निवडून आले.

उत्तरेने मात्र जानेवारी 2024 मध्ये एकीकरणाचे ध्येयच सोडून दक्षिणेस शत्रुराष्ट्र म्हटले. 1953ची शस्त्रसंधी अद्याप तहात बदललेली नाही, आणि मराठा जवानांनी जेथे पहारा केला ती जमीन आजही सैन्यविरहित पट्ट्यातच आहे.