तारेचा खर्च कुणाच्या बिलात?

मागच्या वेळी आपण सौर आणि पवन विजेच्या घसरत्या किमती पाहिल्या. तेव्हा श्रोत्यांतून एक प्रश्न आला होता: वीज इतकी स्वस्त तयार होते, तर ती कोळशाची जागा झटकन का घेत नाही? उत्तराचा मोठा भाग तारांमध्ये आहे. त्यासाठी आज आपण अमेरिकेतलं टेक्सास बघू.

तिथे वारा पश्चिमेच्या माळरानावर, आणि माणसं पूर्वेला, डॅलस-ह्यूस्टनकडे. पवनचक्क्या भराभर उभ्या राहिल्या, वीज वाहून नेणाऱ्या लाइन मात्र अपुऱ्या. २००९ साली तयार होऊ शकणाऱ्या पवन विजेपैकी सुमारे १७ टक्के वीज ग्रिडला घेताच आली नाही. चक्क्या चक्क थांबवाव्या लागल्या. आता हिशेब करा. पवनचक्कीला इंधन लागत नाही, बहुतेक खर्च आधीच झालेला असतो. १०० युनिटांसाठी केलेला खर्च ८३ युनिटांतून काढायचा, म्हणजे दर युनिट जवळपास २० टक्क्यांनी महाग! आणि शहरात तेवढ्याच विजेसाठी गॅस नाहीतर कोळसा जाळायचा, तो खर्च वेगळाच.

मग आधीच लाइन का टाकत नाहीत? कारण प्रकल्प नसेल तर लाइन कोण बांधणार, आणि लाइन नसेल तर प्रकल्पाला कर्ज कोण देणार? टेक्सासने २००५ च्या कायद्याने ही कोंडी फोडली. वाऱ्याचे पट्टे आधी ठरवायचे, तिथवर लाइन न्यायची, खर्च ग्रिडच्या सगळ्या ग्राहकांत वाटायचा. सुमारे ५,८०० किलोमीटर लाइन झाली, जवळपास ७ अब्ज डॉलर लागले. सुरुवातीचा अंदाज ५ अब्जांच्या आसपास होता, हेही सांगायला हवं. पण २०१४ मध्ये वाया जाणारी पवन वीज १ टक्क्याच्याही खाली आली. पुढे पश्चिमेला आणखी पवन आणि सौर प्रकल्प आले, आणि याही तारा भरू लागल्या.

आपल्याकडे हाच पेच पश्चिम राजस्थानात आहे, फक्त वाऱ्यापेक्षा उन्हाचा जास्त. शिवाय तिथे माळढोक आहे. तारांना धडकून हे पक्षी मरतात, म्हणून सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये त्या भागातल्या तारा जमिनीखालून न्यायला सांगितलं; २०२४ मध्ये तो आदेश शिथिल केला. भूमिगत केबल कितीतरी महाग पडते.

पैशांचं म्हणाल, तर ३० जून २०२५ पर्यंत सुरू झालेल्या सौर-पवन प्रकल्पांच्या विजेला आंतरराज्य पारेषण शुल्क माफ केलं गेलं. आमच्या मते खर्च सगळ्यांत वाटणं योग्यच, पण ते टेक्साससारखं उघड सांगून. माफी दिल्याने तार फुकट होत नाही. तो भार लाइन वापरणाऱ्या इतरांवर जातो, आणि वितरण कंपनीमार्फत तुमच्या-आमच्या बिलात येतो.